तबकडीवरचे नाव

सोलापूर हे पूर्वापार हातमागांचे आणि पुढे कापडगिरण्यांचे गाव. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की गाव जागे होई आणि रात्रीची पाळी सुटेपर्यंत रस्त्यांवरची वर्दळ थांबत नसे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा या गावाच्या बाजारपेठेत एकाच वेळी कानांवर पडत. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राबणाऱ्या येथील लोकांना गाण्याची मोठी आवड होती. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे महत्त्वाचे ठाणे असल्यामुळे नाटक मंडळ्या आणि गवई यांची येथे नेहमी ये-जा असे. चांगल्या गाण्याला मनमोकळी दाद देणारे आणि कच्च्या गाण्याची गय न करणारे असे रसिक येथे होते.

सन १९३८ मध्ये या सोलापुरात मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गाण्याची बैठक ठरली. दीनानाथांचे नाव तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेले होते. त्यांची ‘बळवंत संगीत मंडळी’ ही नाटक कंपनी एके काळी वैभवात होती. मात्र बोलपट आल्यावर संगीत नाटकांना उतरती कळा लागली. चित्रपट काढण्याच्या उद्योगात त्यांना मोठी खोट आली आणि कंपनीचे वैभव ओसरले. तरी त्यांचा आवाज आणि त्यांची विद्या त्यांच्यापाशी होती. सोलापूरकरांनी त्यांना आदराने बोलावले.

ही वार्ता ऐकून त्यांच्या थोरल्या मुलीने हट्ट धरला, “बाबा, मीही गाणार.” मुलीचे वय जेमतेम नऊ वर्षांचे. तिचे नाव लता. बापाने विचारले, कोणता राग गाशील? मुलीने सांगितले, खंबावती. आणि तुमच्या नाटकांतील दोन पदे. उत्तर ऐकून दीनानाथांनी तिला नेण्याचे ठरवले. बैठकीच्या दिवशी लता आधी गायली. खंबावती राग तिने बिनचूक मांडला आणि श्रोत्यांची शाबासकी मिळवली. नंतर दीनानाथ गाऊ लागले. रात्र चढत गेली. मंचावर बापाशेजारी बसलेल्या त्या मुलीला झोप अनावर झाली आणि ती तेथेच, बापाच्या मांडीवर डोके ठेवून, भर बैठकीत झोपी गेली. लोकांसमोर तिने गाण्याची ही पहिलीच वेळ होती.

श्रोत्यांनी नवल केले. पण घरच्या माणसांना त्याचे फारसे नवल वाटले नसेल. लता पाच वर्षांची असताना दीनानाथांनी एका शिष्याला पुरिया धनाश्री राग घोकण्यास सांगून ते बाहेर गेले होते. शिष्य एके ठिकाणी चुकत होता. लता तेथेच खेळत होती. तिने खेळ टाकला, आत येऊन त्याला सांगितले की हे असे नाही, आणि ती जागा स्वतः गाऊन दाखवली. दारात परत आलेल्या दीनानाथांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीला उठवून तंबोऱ्यापुढे बसवले. अशी तिची तालीम सुरू झाली.

ही तालीम फार वर्षे चालू शकली नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. घरात आई आणि पाच भावंडे. लता त्यांत थोरली, तेरावे वर्ष चालू असलेली. मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही धाकटी. घरात शिल्लक नव्हती. मिळवते माणूस कोणीच नव्हते. तेव्हा ज्या वयात मुली सागरगोटे आणि फुगड्या खेळतात, त्या वयात लताच्या डोक्यावर संसाराचा भार आला.

दीनानाथांचे स्नेही आणि त्या काळचे नामवंत दिग्दर्शक मास्टर विनायक यांनी या कुटुंबाला आधार दिला. त्यांच्या चित्रपटांत लताला लहानसहान भूमिका मिळू लागल्या. १९४२ सालच्या ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात ती दिसली आणि गायलीही. त्याआधी त्याच वर्षी ‘किती हसाल?’ या चित्रपटासाठी तिने एक गाणे म्हटले होते. पण ते चित्रपटातून गाळले गेले. चेहऱ्याला रंग लावून दिव्यांच्या झोतात उभे राहणे तिला मनापासून आवडत नसे. परंतु महिन्याचा पगार घरी जात होता, म्हणून ती नाखुशी न दाखवता काम करीत राहिली. १९४५ साली ती मुंबईस आली. तेथे भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमानअली खाँ यांच्याकडे तिने पुन्हा शास्त्रीय गायनाचा अभ्यास सुरू केला. दिवसा पोटासाठी काम आणि पहाटे गळ्यासाठी रियाझ, असा तिचा क्रम होता.

ऑगस्ट १९४७ मध्ये मास्टर विनायकही वारले आणि आधार पुन्हा तुटला. आता केवळ पार्श्वगायनावर घर चालवायचे होते. पार्श्वगायन म्हणजे पडद्यावरील नटीसाठी पडद्यामागून गाणे. त्या काळी भरदार, जाड आवाजाच्या गायिका लोकांना प्रिय होत्या. लताचा आवाज बारीक आणि टोकदार. एका मोठ्या निर्मात्याने तो ऐकून सांगितले की, हा आवाज फार पातळ आहे, आमच्या नायिकेला शोभणार नाही. संगीत दिग्दर्शक गुलाम हैदर यांना मात्र या आवाजाची पारख होती. त्यांनी ‘मजबूर’ या १९४८ सालच्या चित्रपटात तिच्याकडून गाऊन घेतले. गोरेगावच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना सिगारेटच्या डब्यावर ताल धरून त्यांनी तिला चाल म्हणावयास लावली होती, ही आठवण लताबाई पुढे मोठ्या कृतज्ञतेने सांगत.

आणखी एक उणीव होती. हिंदी चित्रपटांतील गीते बहुधा उर्दू वळणाची असत आणि लताचे बोलणे मराठी वळणाचे. एकदा मुंबईच्या लोकल गाडीत अभिनेते दिलीपकुमार यांनी हे ऐकून थट्टेने म्हटले की, मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. एखादी मुलगी यावर रुसून बसली असती. लताने उर्दू शिकवणारा शिक्षक शोधला आणि शब्द कसा उच्चारावा, कोठे श्वास घ्यावा, कोणत्या अक्षरावर किती जोर द्यावा, हे ती मन लावून शिकली. उणे बोलणाऱ्याला तिने अभ्यासाने उत्तर दिले.

सन १९४९ मध्ये ‘महल’ हा चित्रपट तयार होत होता. ‘बॉम्बे टॉकीज’ या संस्थेच्या मालाड येथील कलागृहात त्याचे काम चालले होते. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश आणि नायिका सोळा वर्षांची मधुबाला. एका जुन्या वाड्यात रात्रीच्या वेळी एका स्त्रीचे गाणे ऐकू येते. ती आहे की नाही, हेही कळत नाही, असा कथेतील प्रसंग. ते गाणे म्हणजे ‘आएगा आनेवाला’.

गाण्याच्या आरंभी आवाज दुरून यावा आणि हळूहळू जवळ येत जावा, अशी दिग्दर्शकाची इच्छा होती. आज अशी किमया यंत्राची कळ दाबून साधते. तेव्हा तशी सोय नव्हती. म्हणून मोठ्या दालनाच्या मध्यभागी मायक्रोफोन ठेवण्यात आला. लता दालनाच्या एका कोपऱ्यात उभी राहिली. आरंभीच्या ओळी म्हणत ती एकेक पाऊल टाकीत मायक्रोफोनकडे चालू लागली. मुख्य ओळ सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी तिला मायक्रोफोनपाशी पोहोचावयाचे होते. पाऊल लवकर पडले तर आवाज आधीच मोठा होणार. उशिरा पडले तर ओळ चुकणार. आणि चालताना श्वास तर मुळीच ढळता कामा नये. हा प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागला. गाणारी मुलगी तेव्हा विशीच्याही आत होती.

हे गाणे लोकांना रुचेल की नाही, याविषयी निर्मात्यांत एकमत नव्हते, असे सांगतात. खेमचंद प्रकाश यांचा मात्र आपल्या चालीवर आणि त्या आवाजावर विश्वास होता. १९४९ च्या ऑक्टोबरात चित्रपट झळकला आणि त्यांचा विश्वास खरा ठरला. ते गाणे देशभर पसरले. हॉटेलांतून, लग्नमंडपांतून, नभोवाणीवरून तेच सूर ऐकू येऊ लागले. त्याच वर्षी ‘अंदाज’, ‘बरसात’, ‘दुलारी’ आणि ‘बडी बहन’ या चित्रपटांतही लताची गाणी होती. वर्षापूर्वी ज्या आवाजाला पातळ म्हणून नाकारले होते, त्याच आवाजाच्या शोधात आता निर्माते येऊ लागले.

परंतु या यशात एक विलक्षण गोष्ट होती. ज्या ध्वनिमुद्रिकेने देश वेडावला, तिच्यावर गाणारीचे नाव नव्हते.

ते कसे, हे कळण्यासाठी त्या काळची ध्वनिमुद्रिका कशी होती, हे जाणले पाहिजे. ती एक काळी, जड आणि ठिसूळ तबकडी असे. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणापासून ती बनवीत. ही लाख बहुतांशी भारतातील रानांतूनच जगभर जात असे. ग्रामोफोनवर ती मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. मोठी कृती ऐकवायची तर अनेक तबकड्या लागत. छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्यांच्या पुस्तकात त्या ठेवीत. त्या पुस्तकाला ‘अल्बम’ म्हणत. पुढे एकाच मोठ्या तबकडीवर पुष्कळ गाणी मावू लागली, तरी गाण्यांच्या संचाला अल्बम हेच नाव राहिले. १९४९ मध्ये मात्र भारतात चित्रपटगीत ऐकायचे ते लाखेच्या या छोट्या तबकडीवरच.

तबकडीच्या मध्यभागी गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर गाण्याचे, चित्रपटाचे आणि गाणाऱ्याचे नाव छापत. आरंभीच्या बोलपटांत नट-नटी स्वतःच गात, त्यामुळे अडचण नव्हती. १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन सुरू झाले, तरी खरा गायक कोण हे लोकांना सांगण्याची चाल पडली नाही. पुष्कळदा तबकडीवर चित्रपटातील पात्राचे नाव छापून मोकळे होत. ‘महल’च्या तबकडीवरही तसेच झाले. गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे तर चित्रपटातील नायिकेचे नाव! कल्पनेतील एका पात्राला श्रेय मिळाले आणि जिने पावले मोजून, श्वास राखून ते गाणे गायले, ती अनामिक राहिली.

याहून वेगळी अशी एक जुनी कथा आहे. भारतातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभी, १९०२ मध्ये, कलकत्त्यास गौहर जान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित झाले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तबकड्या तयार होत त्या दूर जर्मनीत, हॅनोव्हर शहरी. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, म्हणून गौहर जान गाणे संपताच मोठ्याने आपले नाव सांगत. त्यांचे ते नाव आजही त्या जुन्या तबकड्यांतून ऐकू येते. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक उलटले, यंत्रे सुधारली, आवाज स्वच्छ झाला. पण ‘महल’ची गायिका कोण, हे तबकडी सांगत नव्हती.

मग हा प्रश्न श्रोत्यांनीच विचारला. नभोवाणीकडे पत्रांवर पत्रे येऊ लागली. हे गाणे पुन्हा लावा, अशी विनंती त्यांत असे, आणि सोबत प्रश्न असे, ही कामिनी म्हणजे कोण? नभोवाणीने तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली आणि खरे नाव श्रोत्यांना कळवले. ते नाव होते लता मंगेशकर. या प्रसंगी कोणी मोठा मनुष्य मध्ये पडला नाही. घरी बसून गाणे ऐकणाऱ्या सामान्य माणसांनी जिज्ञासेने लिहिलेल्या पत्रांनी एका कलावंताला तिचे नाव मिळवून दिले.

लताबाईंनी हा धडा विसरू दिला नाही. यापुढे तबकडीवर गाणाऱ्याचे खरे नाव असले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. हळूहळू सर्वच पार्श्वगायकांची नावे छापली जाऊ लागली. पुढे ‘फिल्मफेअर’ पारितोषिके सुरू झाली, तेव्हा त्यांत संगीतकाराला पारितोषिक होते, गायकाला नव्हते. समारंभात गाण्याची विनंती झाली असता लताबाईंनी नकार दिला. ज्या ठिकाणी गायकाची गणना नाही, त्या ठिकाणी गायकाने का गावे, असा त्यांचा सवाल होता. १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले पारितोषिक ‘मधुमती’ या चित्रपटातील गाण्यासाठी त्यांनाच मिळाले. गाण्याच्या विक्रीतून गायकालाही वाटा मिळावा, म्हणूनही त्यांनी आग्रह धरला. त्यासाठी काही काळ सहकाऱ्यांचा रोष पत्करला. पुढे २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकांच्या या हक्काला कायद्याचा आधार मिळाला.

लताबाईंनी त्यानंतर अनेक दशके, अनेक भाषांत गायन केले. १९८९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि २००१ साली भारतरत्न हा देशातील सर्वोच्च किताब त्यांना लाभला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा सारा देश हळहळला.

लोक सहज म्हणून जातात की, अमुक एका गाण्याने अमुक मनुष्य एका रात्रीत मोठा झाला. लताबाईंच्या बाबतीत ती ‘एक रात्र’ बरीच लांब होती. तिच्यात पहाटेची तालीम होती, सोलापूरची बैठक होती, पितृवियोग होता, गाळलेले गाणे होते, नाकारलेला आवाज होता आणि नव्याने शिकलेली भाषा होती. सोलापूरच्या बैठकीपासून ‘महल’पर्यंत अकरा वर्षे गेली. फळ लोकांना दिसले. मूळ मात्र जमिनीखाली होते.

यातून घेण्यासारखी दुसरी गोष्टही आहे. जगात अशी असंख्य कामे आहेत की ज्यांवर करणाऱ्याचे नाव नसते. सोलापुरी चादर देशभर प्रसिद्ध आहे. तिच्यावरील नक्षी लोक कौतुकाने पाहतात. पण ती कोणत्या विणकराच्या हातची, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. गवंडी घर बांधतो आणि निघून जातो. पुस्तकाची अक्षरे जुळवणारा, पुलाचा दगड घडवणारा, पहाटे रस्ता झाडणारा, या सर्वांची नावे कोठे लिहिलेली असतात? प्रत्येक कामावर नाव कोरता येणार नाही, हे खरे. परंतु चांगले काम दिसले की ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न विचारणे कोणालाही शक्य आहे. १९४९ मध्ये श्रोत्यांनी एवढेच केले होते. एका पैशालाही महाग नसलेला तो प्रश्न होता. पण त्याने एका कष्टाळू मुलीला तिचे नाव परत मिळाले.

स्वाध्याय

१. सोलापूरच्या बैठकीत लताने काय काय गायले? त्यापूर्वी तिची तालीम कशी सुरू झाली होती?

२. ‘महल’मधील गाण्याच्या मुद्रणाच्या वेळी लताला कोणती काळजी घ्यावी लागली?

३. गौहर जान गाणे संपताच आपले नाव का सांगत? ‘महल’च्या तबकडीची स्थिती याहून कशी वेगळी होती?

४. ‘उणे बोलणाऱ्याला तिने अभ्यासाने उत्तर दिले.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : उतरती कळा लागणे, गय न करणे, हट्ट धरणे, आधार तुटणे, रोष पत्करणे.

६. तुमच्या गावातील एखाद्या चांगल्या कामामागे कोणाचे हात आहेत, याची चौकशी करा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.